काल रात्री चालत होतं

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर सकाळी सातच्या पुढे उभं राहिलं, की इंजिनिअरिंगची मुलं शाखेनिशी ओळखता येतात. पहिल्या वर्षाची सगळी सारखीच. पाठीला ड्रॉइंग शीटचा काळा कंटेनर, बगलेत ड्राफ्टर, आणि 'बारावी झाली की सुटलास' असं ज्या नातेवाइकाने सांगितलं त्याला शोधणारी नजर. दुसऱ्या वर्षापासून फाटे फुटतात. कॉम्प्युटरवाला उभ्याउभ्या झोपतो. मेकॅनिकलवाले दिसायच्या आधी ऐकू येतात. सिव्हिलवाला फलाटाच्या छपराकडे संशयाने बघत असतो. आणि एक असतो, जो छातीशी प्लास्टिकचा डबा धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कोपरांपासून त्याला वाचवत, दोन गाड्या सोडून देतो. डब्याच्या झाकणावर आईच्या अक्षरात 'भाजणी' असं लिहिलेलं असतं. आत भाजणी नसते. ब्रेडबोर्ड असतो, त्यावर तारांचा गुंता, आणि गुंत्याच्या तळाशी कुठेतरी आठ पायांची एक आयसी. हा ट्रॉनिक्सवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा.

इलेक्ट्रिकल, ट्रॉनिक्स आणि एक्सटीसी म्हणजे टेलिकॉम, ही तीन वेगवेगळी घराणी आहेत असं ही मुलं शपथेवर सांगतात. बाहेरच्याला काही फरक कळत नाही. माझ्या भाच्याने तो मला एका वाक्यात समजावला. "मामा, इलेक्ट्रिकलला झटका हाताला बसतो, ट्रॉनिक्सला निकालात."

हा भाचा डोंबिवलीचा. २००४ साली ठाण्याहून नवी मुंबईकडे ट्रान्स-हार्बरची गाडी सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना ऐरोलीपासून नेरुळपर्यंतची कॉलेजं आवाक्यात आली. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला फलाट बदलून पुढे. आमचं घर नौपाड्यात, स्टेशनपासून चालत येण्यासारखं. त्यामुळे चार वर्षं हा प्राणी मला फार जवळून बघायला मिळाला. सबमिशनच्या आधी भुकेलेला, वायव्हाच्या नंतर खचलेला आणि निकालाच्या दिवशी फोन बंद ठेवून आमच्या माळ्यावर.

त्याला ॲडमिशन मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला माझ्या आईला. म्हणजे त्याच्या आजीला. "आता घरात वायरमन बोलवायला नको," असं तिने पेढ्याच्या आधी जाहीर केलं. या एका वाक्याने या जमातीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं गणिताच्या एम-थ्री पेपरानेही केलं नसेल. चौथ्या दिवसापासून त्याच्याकडे वस्तू यायला लागल्या. शेजारच्यांची बेल, ताईच्या नणंदेची इस्त्री, कुणाचा तरी आवाज येतो पण चित्र येत नाही असा टीव्ही. तो प्रत्येक वस्तू हातात घ्यायचा, कानाशी हलवायचा, वास घ्यायचा. वास घेणं ही या लोकांची पहिली तपासणी. जळलेल्या रेझिस्टरचा वास निराळा, ट्रान्सफॉर्मरच्या वॉर्निशचा निराळा, आणि फुटलेल्या कपॅसिटरचा तर जन्मभर लक्षात राहणारा. वास घेऊन झाला की डोळे मिटून निदान सांगायचं. आणि निदान सांगितलं की आपलं काम झालं, अशी त्यांची मनापासून समजूत असते.

आमच्या मिक्सरचंच घ्या. चटणी वाटताना तो घरघरून बंद पडला. हा सोफ्यावर होता. मामीने हाक मारली, साहेब उठले, टेस्टर काढला. टेस्टर यांच्या खिशात पेनासारखा असतो. पेन मात्र मागावं लागतं. प्लगमध्ये करंट आहे हे सिद्ध झालं. मग मिक्सर उलटा न करताच बाजूचे स्क्रू काढायला घेतले. काढता काढता प्रवचन सुरू. "मामी, ही युनिव्हर्सल मोटर असते. एसीवरही चालते, डीसीवरही. आत कार्बन ब्रश असतात, ते झिजतात." थेराजांच्या जाडजूड पुस्तकाच्या दुसऱ्या खंडातलं अख्खं प्रकरण ओट्यापाशी उभं राहून ऐकवलं. खोबरं वाळत चाललं होतं. तेवढ्यात भांडी घासायला मावशी आल्या. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, मिक्सर उचलला, उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं आणि पुन्हा सरळ ठेवला. मिक्सर सुरू झाला.

याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा ओशाळलेपणा नाही. उलट डोळे चमकले. "ओव्हरलोड प्रोटेक्शन!" तो म्हणाला. "मावशी, तुम्ही रिसेट केलंत. आत ते ट्रिप का होतं सांगू?" मावशींना पुढच्या घरी जायचं होतं. मग ते मी ऐकलं.

ही माणसं सवयींवरून ओळखावीत. विजेच्या कुठल्याही गोष्टीला हात लावताना तो दुसरा हात खिशात घालतो. आजीला हे अजिबात आवडायचं नाही. "एवढं काम सांगितलं तर खिशात हात घालून उभा! बापावर गेलाय." वास्तविक त्याच्या शिक्षणातली ही सर्वांत शहाणी गोष्ट. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्यात जाऊ शकतो. एक हात खिशात असला की ती वाटच बंद. पण आजीला हे सांगायला गेलं की ती त्याला त्या बोर्डाजवळच जाऊ देत नसे, म्हणून त्याने बापावर गेल्याचा आरोप मुकाट्याने सोसला. दुसरी सवय नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जिभेला लावून बघण्याची. झिणझिणी आली तर बरी, नाही तर मेली. मल्टिमीटर समोर पडलेला असतो, पण जिभेवर विश्वास जास्त. तिसरी म्हणजे कुणाच्याही नव्या घरी वास्तुशांतीला गेल्यावर होमापेक्षा आधी मीटरचा बोर्ड बघणं. "अर्थिंग नीट आहे ना?" असं यजमानांना, ते सोवळ्यात असताना, विचारणारा पाहुणा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि खण. प्रत्येक ट्रॉनिक्सवाल्याच्या घरी एक खण असतो. त्यात मेलेल्या मोबाइलचे चार्जर, तुटलेल्या खेळण्यातल्या मोटारी, एकच कान वाजणारे हेडफोन, एकमेकांत अडकलेल्या वायरी आणि कशाचा आहे ते कुणालाच माहीत नसलेला एक अडॅप्टर. "कामाला येईल," हे त्या खणाचं ब्रीद. ताईने एका दिवाळीत तो खण भंगारवाल्याला द्यायला काढला तेव्हा हा भंगारवाल्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि आपलाच माल विकत घेऊन परत आला.

त्याची भाषाही हळूहळू बदलत गेली. वस्तू 'बिघडली' असं तो म्हणत नाही. ती 'ओपन' असते, 'शॉर्ट' असते किंवा 'लूज' असते. घरी चार आत्या जमल्या की "आज नॉइज फार आहे" म्हणून गच्चीत जातो. रंगांचं तर विचारूच नका. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. ते पाठ करायला कॉलेजात इंग्रजीतलं एक कुठल्याशा रॉयसाहेबांच्या गुणी बायकोचं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकतात. हा ते रात्री घोकत होता. माझी आई शाळेत शिकवायची. ती आतल्या खोलीतून बाहेर आली, कागदावरचे रंग बघितले आणि म्हणाली, "अरे, हे तर तानापिहिनिपाजा आहे. फक्त पारवा गाळलाय. आधी काळा आणि तपकिरी, शेवटी करडा आणि पांढरा." खरंच तसंच आहे. शून्य काळा, एक तपकिरी, मग दोनपासून सातपर्यंत तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, आणि आठ-नऊला करडा-पांढरा. त्या दिवसापासून रॉयसाहेबांचा संसार आमच्या घरातून गेला. पण रंगांचे आकडे मात्र त्याच्या डोक्यात कायमचे बसले. एका लग्नात ताईची नवी साडी बघून हा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, पिवळी, काठ जांभळा, पदर तांबडा. चार हजार सातशे!" ताईचा चेहरा पडला. "कोण म्हणालं तुला? सहा हजारांना घेतलीय मी."

अभ्यास तो करत नव्हता असं नाही. करायचा, पण अभ्यास आणि सबमिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीला वेळ देत नाही. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीट्सची जीटी मारायला तो आमच्याकडेच येई. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. टीपॉयची काच, तिच्याखाली दिवा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. महाराष्ट्रातला कुठलाही इंजिनिअर हे कबूल करणार नाही आणि कुठल्याही इंजिनिअरला हे शिकवावं लागत नाही. त्या दिव्याचं जे वायरिंग त्याने केलं होतं, ते रात्रभर चाललं, तापलं नाही, लुकलुकलं नाही. इतकं निर्दोष काम पुढे चार वर्षांत त्याच्या हातून झालं नाही.

मग जर्नल. प्रयोगशाळेत सर्किट जोडायचं, रीडिंग घ्यायची, ती गणिताने काढलेल्या उत्तराशी ताडून बघायची. थेवेनिनचं प्रमेय पडताळून बघणे, हा प्रयोग प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कितीही मोठं जंजाळ असलं तरी दोन टोकांमधून बघताना ते एक बॅटरी आणि एक रेझिस्टन्स एवढंच असतं, असं ते प्रमेय सांगतं. गंमत अशी की थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला माणूस, त्याने हे १८८३ साली मांडलं. पण जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झने ते त्याच्या तीस वर्षं आधीच मांडून ठेवलं होतं. म्हणजे १८५३ साली, ज्या वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, थेवेनिननेपण सीनियरची जर्नल उतरवली." हे थेवेनिनवर अन्यायाचं आहे, त्याला हेल्महोल्ट्झचं काम ठाऊक असल्याचं कुणी म्हणत नाही. पण ज्या मुलाच्या स्वतःच्या जर्नलमध्ये प्रत्यक्ष रीडिंग आणि गणिती उत्तर दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत तंतोतंत जुळतात, त्याच्याशी इतिहासावर वाद घालून उपयोग नसतो.

गणिताला कुंभोजकर. मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंग केलेल्या माणसापुढे हे आडनाव उच्चारून बघा, तो एक तर हात जोडतो किंवा विषय बदलतो. एम-वनपासून एम-फोरपर्यंत तीच जाड पुस्तकं, तीच सोडवलेली गणितं. रात्री दोन वाजता ताईने विचारावं, "अजून जागा?" आणि याने आतून ओरडावं, "कुंभोजकर करतोय!" आजीची बरेच दिवस समजूत होती की कुंभोजकर सर घरी येऊन शिकवतात. "एवढ्या रात्रीपर्यंत थांबतात बिचारे. त्यांना चहा तरी विचारता का?" एम-थ्रीत नापास होऊन याला केटी लागली तेव्हा ती म्हणाली, "सरांना काय वाटलं असेल!"

आता त्या वाक्याकडे येतो, ज्यावाचून या माणसाचं चित्र पुरं होत नाही. ते वाक्य म्हणजे 'काल रात्री चालत होतं'.

तिसऱ्या वर्षी याच्या गटाने लाइन फॉलोअर केला. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवायची आणि चार चाकांच्या गाडीने त्या पट्टीवरून आपोआप जायचं. गटात चौघं. त्यातला एक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. या डिप्लोमावाल्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. लाप्लास म्हटलं की ते कासावीस होतात, पण सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात दिलं की बाकीचे तिघं मुकाट बाजूला सरकतात. त्या मुलाने सगळं सोल्डर केलं. भाच्याने प्रोग्रॅम लिहिला. तिसऱ्याने रिपोर्ट केला, चौथ्याने रिपोर्टाला स्पायरल बाइंडिंग. सामान आणायला मात्र चौघंही एकत्र लॅमिंग्टन रोडला गेले. त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असं कधीच झालंय, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचारलं तर ट्रॉनिक्सवाला पोचणार नाही. तिथल्या काउंटरवरचा माणूस 'बीसी पाचशे सत्तेचाळीस' म्हटल्यावर न बघता हात मागे नेतो आणि कागदाच्या पुडीत ट्रान्झिस्टर बांधून देतो. भाच्याला हा माणूस आपल्या सगळ्या प्रोफेसरांपेक्षा विद्वान वाटायचा. चारशेचं सामान आणि चौघांचा वडापाव, असा तो दिवस. वायरी घेताना काळ्या संपल्या होत्या म्हणून सगळ्या लालच आणल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वायव्हाच्या आदल्या रात्री डोंबिवलीच्या घरात गाडी दिवाणखान्याच्या फरशीवर धावली. वळणावर वळली, थांबवली तिथे थांबली. ताईने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सकाळी अकराला कॉलेजात एक्स्टर्नलसमोर, खिडकीजवळच्या टेबलावर, तीच गाडी तीच पट्टी सोडून तिरकी गेली, टेबलाच्या काठापर्यंत पोचली आणि डिप्लोमावाल्याने झेलली.

"सर, काल रात्री चालत होतं."

एक्स्टर्नल जुना माणूस होता. म्हणाला, "मग परीक्षा रात्री घेऊ या का?"

आता यातली खरी गंमत अशी, की तो अक्षरशः खरं बोलत होता. पट्टी ओळखायला गाडीच्या पोटाशी इन्फ्रारेड सेन्सर असतात. पांढऱ्यावरून किरण परत येतात, काळ्यावरून येत नाहीत, एवढ्यावर सगळा खेळ. आणि सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकीतून ऊन आलं की सेन्सरला सगळंच पांढरं. रात्री दिवाणखान्यात एलईडीच्या दिव्याखाली हा प्रश्नच नव्हता. शिवाय नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी. तिच्यात दम तो किती. मोटारी जोर लावायला लागल्या की व्होल्टेज बसतं, आणि पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ला निदान सात मिळाले नाहीत तर तोही हात टेकतो. रात्रभर नातेवाइकांसाठी व्हिडिओ काढण्यात बॅटरी अर्धी झालेली. हे सगळं त्याला कळलं, पण संध्याकाळी आमच्याकडे पिठलं-भात खाताना. त्याने ताट बाजूला सारून कागदावर आकृती काढून मला दाखवलं आणि तो इतका खूश होता की मार्क किती मिळाले हे विचारायचं मी विसरलो. तोही सांगायचं विसरला.

मला या जमातीत हेच आवडतं आणि यानेच डोकंही उठतं. वस्तू चालली तर ह्यांना विशेष काही वाटत नाही. न चालण्याचं कारण सापडलं की मात्र पोटभर जेवतात. त्या कारणासाठी ते घरातल्या कुणालाही, कितीही वेळ, अंधारात बसवून ठेवू शकतात. गणपतीत याने फाइव्ह-फाइव्ह-फाइव्ह टायमर आणि फोर-झीरो-वन-सेव्हन वापरून मखराला पळत्या दिव्यांची माळ केली. आरती रंगात आली आणि दिवे पळायचे थांबले. याने टाळ खाली ठेवला, मखराच्या मागे शिरला आणि प्रसाद वाटून झाल्यावर धुळीने माखून बाहेर आला. "लूज कनेक्शन." चेहऱ्यावर गौरीगणपतीचं सगळं तेज.

लोकलमध्येही त्याला गप्प बसवत नाही. गाडी मध्येच एखाद्या ठिकाणी येते, पंखे गपकन थांबतात, काही दिवे जातात, आणि दोन-चार क्षणांत सगळं परत येतं. आपण रोज जातो, कपाळावरचा घाम पुसतो, विसरतो. हा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतो, "न्यूट्रल सेक्शन." मग वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट कसे असतात, एका सबस्टेशनची फेज दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून मध्ये तारेचा एक मुका तुकडा कसा ठेवतात, मोटरमन तिथे ब्रेकर उघडून नुसत्या वेगावर गाडी कशी पुढे काढतो. मुंब्र्याला सुरू झालेलं हे दिव्याला संपत नाही. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती पंधराशे व्होल्ट डीसीवर, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून ती डीसी पुरती गेली २०१५ला, हेही तो सांगतो. शेजारचा माणूस डोंबिवलीला उतरायच्या तयारीत असतो. याचं वाक्य पुरं होईपर्यंत दार गाठणं अवघड होतं आणि तो बिचारा ठाकुर्लीला उतरतो.

ही लक्षणं वयाने जात नाहीत, हे मला १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी कळलं. दहाच्या सुमाराला मुंबई-ठाण्याच्या बऱ्याच भागाची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. आमच्या तळमजल्यावर विजेच्या बोर्डातून निवृत्त झालेले एक काका राहतात. महावितरण, महापारेषण ही नावं २००५ साली आली, पण ते अजून 'आमचं बोर्ड' असंच म्हणतात. लॉकडाऊन लागल्यापासून काका उंबऱ्याबाहेर आले नव्हते. त्या दिवशी मास्क लावून, हातात ट्रान्झिस्टर घेऊन ते जिन्यात आले आणि त्यांचं वय पंधरा वर्षांनी कमी झालेलं होतं. "कळवा!" त्यांनी जाहीर केलं. "कळवा-पडघा चारशे केव्ही. दुसरं काही असूच शकत नाही."

वरून दुसऱ्या मजल्यावरची मुलगी खाली वाकली. ती व्हीजेटीआयला इलेक्ट्रिकल करत होती. १८८७ सालची ती संस्था. काकाही तिथलेच, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. "काका, पण आयलंडिंग व्हायला हवं होतं ना?" ती म्हणाली. झालं. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईने आपल्या वीजकेंद्रांवर स्वतःला तोडून घेऊन उभं राहायचं, अशी व्यवस्था आहे, आणि त्या दिवशी ती टिकली नाही. ती का टिकली नसेल यावर एक जण तळमजल्यावर आणि एक जण दुसऱ्यावर असे दोघं तासभर बोलत होते. मधल्या मजल्यावर आम्ही, फ्रिजमधलं दूध नासेल का एवढंच विचारायला उभे. दुपारी बातमी आली. कळवा-पडघाच. एक सर्किट दुरुस्तीला बंद ठेवलेलं असताना दुसऱ्यात बिघाड झाला. काकांनी वर बघितलं, मुलीने खाली बघितलं. वीज आल्याचा आनंद बाकी इमारतीला झाला, या दोघांना जरा लवकर आली असंच वाटलं असावं.

भाचा पास झाला. शेवटच्या सेमिस्टरला एम-थ्रीही सुटली. कॅम्पसला आयटी कंपन्या आल्या आणि ज्या मुलांनी चार वर्षं ट्रान्झिस्टरच्या पायांची नावं पाठ केली होती ती सगळी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला लागली. ट्रॉनिक्सच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची हीच वाट असते. कळव्याला, वागळे इस्टेटला, डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्विचगिअर आणि पॅनेल बनतात, पण पगाराचा आकडा बघून आयांनी आयटीलाच कौल दिला. हा पुण्याला गेला. त्याला तिथे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार मिळतो. मला तरी यापेक्षा योग्य नेमणूक सुचत नाही.

जायच्या आधी त्याने आमच्या सोसायटीला एक भेट दिली. गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि वॉचमनला कळायचं नाही, म्हणजे असं सेक्रेटरींचं म्हणणं. वॉचमनचं म्हणणं, त्याला पाइपाच्या आवाजावरून कळतं, पण विचारतंय कोण. भाच्याने टाकीत वरच्या अंगाला दोन उघड्या वायरी सोडल्या. पाणी तिथवर चढलं की दोन्ही वायरी पाण्याने जोडल्या जातात, तेवढा इवलासा करंट बीसी पाचशे सत्तेचाळीसला पुरतो, आणि जिन्याच्या माथ्यावरचा बझर वाजतो. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आतलं काम. पहिल्या दिवसापासून अचूक चाललं. सेक्रेटरींनी वार्षिक सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला, तळमजल्यावरच्या काकांनी अनुमोदन दिलं.

मग जुलै आला. पावसाने टाकीच्या तोंडाशी शेवाळ धरलं, वायरींच्या मध्ये ओल साचली, आणि टाकी रिकामी असली तरी बझर वाजायला लागला. रात्री अडीचला. बंद करायचं बटण नव्हतंच, कारण जी गोष्ट आपण बनवली ती न थांबता चालेल ही शक्यता ट्रॉनिक्सवाल्याने धरलेली नसते. इमारत जागी झाली. सेक्रेटरी लुंगीवर आले, काका बॅटरी घेऊन आले, मी छत्री घेऊन टाकीपाशी उभा राहिलो आणि पुण्याला फोन लावला.

"वाजतोय? अजून वाजतोय?" त्याच्या आवाजात झोप नव्हती, अभिमान होता.

"अरे, बंद कसा करायचा ते सांग!"

"सोपं आहे मामा. बॅटरीच्या डब्यातून दोन वायरी बाहेर आल्यात. त्यातली लाल वायर काढ. दुसरीला हात लावू नकोस, ती ग्राउंड आहे, सगळं तिच्यावर आहे."

"दोन्ही लाल आहेत."

"हो," तो म्हणाला. "काळ्या संपल्या होत्या."

"मग यातली खरी लाल कुठली?"

तिकडे जरा वेळ शांतता. मग उत्साहाने, "मामा, एक काम कर. जीभ लावून बघ."